चीनमधलं आपलं माणूस

सेतुरावांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना तमीळ कळतं ती. आणि दुसरी, मराठी. ज्याला तमीळ कळत नाही तो मराठीच असला पाहिजे, आणि नसला तरी त्याला मराठी कळायला हरकत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून बीजिंगच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या पोराने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा सेतुराव काचेपाशी वाकले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "कोठलें गांव तुमचें?"

पोराने मुकाट्याने शिक्का मारला.

"बोलला नाहीं, पण समजला," सेतुराव मला म्हणाले.

आता कुंभकोणममध्ये हा हिशेब त्यांना जन्मभर बरोबर आलाय, त्याला ते तरी काय करणार? त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर तमीळ, घरात मराठी. तीही त्या वेळी गाठोड्यात बांधून आणलेली, पुढे कुणी बदलून न दिलेली. माझे यजमान बँकेत. त्यांची बदली इथे झाली तेव्हा बाजारात शेवग्याच्या शेंगांपुढे मी हातवारे करत उभी होते. मागून आवाज आला, "बाई, घेऊं नका. शेंगा कालच्या आहेत." मला वाटलं, कोणीतरी बखरीतून उठून भाजीला आलंय. वळून पाहिलं तर पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळावर गंध आणि हातात पिशवी. ते आमचे शेजारीच निघाले. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण त्या दिवसापासून मला "वैनी" म्हणायला लागले ते आजतागायत.

त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर नवरा-बायकोंनी खलबतं करायची ती मराठीत. एकदा कमळाबाई म्हणाल्या, "हा चिकट दिसतो, भाव चढवून सांगा." त्यावर समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "काकू, मी सोलापूरचा." दुसरा एखादा शरमेने काळाठिक्कर पडला असता. सेतुरावांनी गल्ल्यावरून उडी मारून त्याला मिठी मारली, घरी नेऊन आंबट वरण-भात जेवू घातला आणि त्याने पसंत केलेली घागर फुकट देऊन टाकली. कमळाबाई ही गोष्ट सांगताना अजून चिडायच्या.

त्या घराचा एक नियम होता: उंबऱ्याबाहेर अम्मा, उंबऱ्याच्या आत आई. त्यांची मुलगी वसू शाळेतून यायची, फाटकापाशी मैत्रिणींसमोर "अम्मा" म्हणून ओरडायची आणि उंबरा ओलांडला की "आई, भूक!" वसू लग्न होऊन अमेरिकेला गेली. पुढे कमळाबाई देवाघरी गेल्या. आता वसू फोनवर अप्पांशी तमीळ बोलते, त्यात इंग्रजीच जास्त. सेतुराव मराठी बोलायला आमच्याकडे येतात, आणि माझं बोलणं ऐकून "तुमची मराठी नवी आहे, पण बेस आहे" असं प्रशस्तिपत्र देतात.

तर आमच्या गावातल्या एका हौशी ट्रॅव्हलवाल्याने चीनची सहल काढली. खास आकर्षण चुआनझौ नावाचं बंदर. तिथे जुन्या काळी तमीळ व्यापाऱ्यांनी देऊळ बांधलं होतं म्हणे, आणि त्याचे कोरीव खांब अजून आहेत. गावातली देवळं तोंडपाठ असलेली निवृत्त मंडळी भराभर तयार झाली, मीही नाव दिलं. त्यांत सेतुरावांचं नाव पाहून मी चकित झाले. हा माणूस इथल्या इथे तिरुवलंचुळीला जायचं तरी आठवडाभर बेत करतो.

"त्यांचें तेथें आहे म्हणतात," ते म्हणाले. "आपलेंही असेल, वैनी. शोधलें कोणीं?"

झालं! चीनमध्ये जिथे जाऊ तिथे सेतुराव आपलं माणूस शोधायला लागले. मोठ्या भिंतीवर सगळे धापा टाकत फोटो काढत होते, आणि हे आमच्या लिनला, म्हणजे गाइड मुलीला, विचारत होते की इतकी भिंत राखायला माणसं कुठकुठली आणली, आणि त्यांना जेवण कोण घालत होतं? विचारायचे मराठीत, इंग्रजी करायचं मी. लिनला पाठ केलेलं सगळं येत होतं, जेवणाचं येत नव्हतं. ती बिचारी रात्री वाचून सकाळी उत्तर घेऊन यायची.

चहाला चिनीत "चा" म्हणतात हे कळलं त्या दिवशी तर विचारू नका. "आमचे आजोबा चा-च म्हणत!" असं सगळ्या बसला ओरडून सांगितलं आणि घरून आणलेला पितळी पेला दिवसभर पुढे करत राहिले. पोटाचं काय झालं ते सोडा.

शिआनला मातीचे सैनिक पाहायला गेलो. ओळीच्या ओळी उभे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि डोक्यावर एका बाजूला बांधलेला केसांचा बुचडा. तो पाहताच आमची मंडळी आनंदली: अगदी चिदंबरमच्या देवळातल्या दीक्षितर पुजाऱ्यांची शेंडी! सेतुरावांचं तोंड उतरलं. तासभर ते कठड्याला चिकटून एकेक चेहरा न्याहाळत होते. शेवटी एका मिशाळ शिपायाकडे बोट करून म्हणाले, "हा आमचा साडू." मी त्यांच्या साडूंना पाहिलंय. खरं सांगायचं तर होता थोडासा.

चुआनझौला मात्र त्यांची पुरती हार झाली. जुन्या बौद्ध मंदिराच्या मागच्या बाजूला ते खांब होते. त्यांवर कुठे नरसिंह, कुठे कृष्ण. आमच्यातल्या दोघी बायका तिथेच रडायला लागल्या, कुणी स्तोत्र सुरू केलं. माझ्याही अंगावर काटा आला. सेतुरावांनी हात जोडले आणि ते बाजूला जाऊन पायरीवर बसले.

"त्यांचें सांपडलें," ते म्हणाले. "अस्कें त्यांचेंच." अस्कें म्हणजे सगळं. "आपलें एक अक्षर नाहीं, वैनी. तेथें घरांत नाहीं, येथें कोठून असायचें?"

तेवढ्यात फाटकाबाहेरून एका मुलीची खणखणीत हाक आली:

"आयीऽ! आयीऽ!"

सेतुराव उठले. उठले काय, पळाले. वेष्टी सावरत त्या फाटकातून असे गेले की मी आणि लिन मागे धावतोय तरी सापडेनात. बाहेर एक म्हातारी उभी होती. तिकडच्या बायका अंबाड्याभोवती फुलांचे वळेसर माळतात, तसे तिने माळले होते. तिची पिशवी बाकावर राहिली होती, ती घेऊन एक कॉलेजातली मुलगी तिला हाका मारत होती. आणि दोघींच्या मध्ये उभे राहून सेतुराव विचारत होते, "कोठलें गांव तुमचें? कोठलें गांव?"

लिनने समजावलं. आयी म्हणजे मावशी. अनोळखी, पोक्त बाईला तिकडे असंच म्हणतात. मी भीतभीतच मराठीत सांगितलं. वाटलं, आता हे हिरमुसतील.

सेतुराव त्या म्हातारीच्या फुलांकडे बघत होते.

"मावशी तर मावशी," ते म्हणाले. "हांक तीच आहे ना?" मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "तिला म्हणावें, पुन्हा एकदां मार. यांत धरून ठेवा."

मुलगी हसली आणि तिने पुन्हा हाक मारली. म्हातारीने 'ओ' दिली. बस सुटायची वेळ झाली होती आणि आमची माणसं खोळंबली होती. मी रेकॉर्डिंग लावून फोन धरून उभी होते, आणि मला समोरचा चिनी बाजार धूसर दिसत होता.

परत आल्यावर काही दिवसांनी वसूचा मला फोन, इंग्रजीत. "आँटी, अप्पा पहिल्यांदा फोन उचलतच नाहीत. पूर्ण वाजून बंद होतो, मग स्वतः लावतात. त्यांचे कान तपासून आणाल का?"

संध्याकाळी मी भाजीची वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून हाक आली, "आयीऽ! आयीऽ!" फोन चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, कमळाबाईंचे मिठामसाल्याचे डबे असायचे तिथे. रिंग म्हणून तीच हाक वाजत होती, आणि फोनवर वसूचं नाव. सेतुराव स्वयंपाकघराच्या दारात, हात मागे बांधून उभे होते. मला वाटलं, खरंच ऐकू येत नाहीये. मी घाईने फोन घ्यायला गेले.

"राहूं द्या, वैनी," ते हळूच म्हणाले. "वसू आईस हांक मारत्ये."