साळवेकाकांच्या फ्रिजमधली वस्ती

साळवेकाकांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी माझं कपाळ मागितलं. कापसाची काडी त्यावर घोळवली, नळीत बुडवली, नळीवर ‘नंदू, फ्लॅट ४०२’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि नळी फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजमध्ये एक पाव, अर्धा टोमॅटो आणि द्वारकेतली आमची जवळजवळ अख्खी सोसायटी होती.

काका लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेले. “धडधाकट माणसाच्या कातडीवरही व्हायरस राहतात,” ते सांगत. “बहुतेक तिथल्या बॅक्टेरियांवर जगतात, तुला काही करत नाहीत. गुणी भाडेकरू. आणि एका घरात राहणाऱ्यांचे हळूहळू एकमेकांत मिसळतात. एकटं कोण आहे इथे?” लिफ्टमध्ये हे ऐकून माणसं एक मजला आधीच उतरत. मीही उतरलोय; माझा गुडघा साक्षीला आहे.

वरच्या कप्प्यात एक नळी वेगळी, रुमालात गुंडाळलेली. सुशीलाकाकूंची. त्या गेल्या, त्याच्या आठवडाभर आधी घेतलेली. तिला कोणी हात लावायचा नाही.

मे महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून काका चार दिवस हॉस्पिटलात होते. किल्ली माझ्याकडे. “बाकी सगळं गेलं तरी चालेल, नंदू. ती नळी तेवढी थंड ठेव.”

दुसऱ्याच दिवशी त्यांचा फ्रिज बंद पडला. मी नळी घेऊन घरी आलो, तर माझी बायको माधवी आमच्या फ्रिजला पाठ लावून उभी.

“दह्याशेजारी व्हायरस? बिल्कुल नाही.”

“अगं, काकूंचे आहेत.”

“काकूंचे असले तरी.”

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माणूस शूर राहत नाही. मी नळी परत नेली, काकूंच्या फोटोपुढे ठेवली, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. खिडकीतलं ऊन थेट फोटोवर येतं, हे भक्तिभावात माझ्या लक्षात आलं नाही.

काका घरी आले. माधवी खिचडीचा डबा घेऊन माझ्यासोबत होती. त्यांनी नळी उजेडाकडे धरली. आतलं पाणी गढूळ झालं होतं.

“फूल चांगलं आहे,” ते म्हणाले.

माधवी म्हणाली, “काका, मी फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही.”

“घरच्या फ्रिजमध्ये तसंही काही टिकत नाही गं. जन्मभर हेच काम केलं, मला कळत नाही का?” ते तळहाताकडे बघत राहिले. “माझ्या अंगावर होते तिचे थोडे. पण ती गेल्यापासून कोणी हात धरलेला नाही. हॉस्पिटलात नर्ससुद्धा हातमोजे घालून. नवं कोणी येत नाही, जुनं किती उरलं कोण जाणे.”

माधवीने डबा खाली ठेवला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खिचडी गार होईपर्यंत तशीच बसली. काकांनी काडी मागितली नाही.

घरी आल्यावर ती सवयीने बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण उचलला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग साबण जागेवर ठेवला, नळ बंद केला आणि त्याच हातांनी मला दही वाढलं.