वॉटफर्डचा चहात्याग

मोक्षासाठी गुरू लागतो, हे सर्वमान्य आहे. गुरूसाठी समिती लागते, हे मात्र इंग्लंडात गेल्यावरच कळते.

पद्माकर बोधनकर नागपूरला संस्कृत शिकवत. निवृत्तीनंतर मुलीकडे वॉटफर्डला आले आणि कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी गीता सांगू लागले. सहा वर्षांत शिष्य झाले एकशे बारा (पैकी त्र्याण्णव गोरे, उरलेले मराठी, ते बहुतेक प्रसादाच्या वेळेपर्यंत पोचत).

एकदा पित्ताने बेजार गुरुजी बोलता बोलता म्हणाले, "चहा सोडलेला बरा." दुभाषी मालविकाने ते निष्ठेने इंग्रजीत सांगितले. सभेला तो आदेश वाटला. कर्म, माया, पुनर्जन्म या लोकांनी एका बैठकीत मान्य केले होते; चहाला तीन बैठका लागल्या. अखेर ठराव झाला आणि समितीच्या अध्यक्ष गिलियनबाईंनी (निवृत्त हेडटीचर) हॉलमधली किटली स्वहस्ते बाहेर काढली.

पंधरवड्यात पित्त गेले. चहा परत येईना.

"अहो, मी माझ्या पोटाबद्दल बोललो होतो," गुरुजींनी खुलासा केला. पुढच्या महिन्यात 'पोट आणि आत्मा' या विषयावर दोन दिवसांचे शिबिर झाले.

शेवटी एका मंगळवारी गुरुजी मफलर नाकापर्यंत ओढून वेम्बलीच्या भारतीय बाजारात गेले. मिठाईच्या दुकानात आल्याचा चहा घेऊन वळले, तर कोपऱ्यात गिलियनबाई. समोर चहाचा कप. दुसरा; पहिला रिकामा.

बाई पांढऱ्या पडल्या. "गुरुजी, मी पापी आहे. रोज सकाळी माझा नवरा चहा करून उठवायचा. चाळीस वर्षं. तो गेल्यावर तेवढाच राहिला होता."

गुरुजींनी आपला कप बाईंच्या टेबलावर ठेवला. एका पित्तापायी आपण या बाईचं काय काढून घेतलं, हे त्यांना कुठल्याच अध्यायात सापडेना. "बाई, माझाही सुटत नाही," ते तोडक्या इंग्रजीत म्हणाले आणि समोर बसले.

शनिवारी त्यांनी सगळे कबूल केले. घाबरले होते, मुलीला परतीचे तिकीट बघायलाही सांगून ठेवले होते. त्र्याण्णव गोरे हसले, आणि एकही गेला नाही.

मराठी मंडळी मात्र उठली. "गुरू असून चहा पितात?" मालविका म्हणाली. (या एकोणीस जणांनी स्वतः चहा एक दिवसही सोडला नव्हता.)

त्यांना आता मेडनहेडला नवे गुरू मिळाले आहेत. हे मीठही खात नाहीत. गुरूने सगळे सोडावे आणि आपल्याला काही सोडावे लागू नये, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी तिथे पुढच्या रांगा राखीव आहेत. वाचकहो, आपलेही नाव मालविकाने आधीच लिहून घेतले आहे.