निषादराजे गाडीत कोंडले गेले ते दिवशीची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न. ज्यांची लहानगी निजली असतील त्यांनी हे स्वस्थ बसोन वाचावे, ज्यांची जागी असतील त्यांनी उभ्या उभ्या जमेल तितुके वाचावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, वार रविवार. ते समयी तिसऱ्या मजल्यावरील एका राज्यात, ज्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, मकरंदराजे नांदत होते. राज्य दोन खोल्यांचे, परंतु बंदोबस्त कठीण. राणीसाहेब मृणालबाई, कन्या ऋजुता वय वर्षे पाच, आणि पुत्र निषादराजे वय वर्षे दोन, बोलणे थोडे, करणे बहुत. ते दिवशी प्रातःकाळी राजे पोहे खात असता खिडकीतून कोवळे ऊन ताटात पडले, आणि राजांचे चित्त उचंबळले, आणि चमचा खाली ठेवोन आज्ञा जाहली जे, "चला, तलावावर जाऊ. आत्ताच. आहोत तसेच." राणीसाहेब बोलिल्या, "आहोत तसेच म्हणजे? निषूच्या अंगात चड्डी नाहीये." राजे म्हणाले, "चड्डी घाल आणि चल. ठरवलं की जाणं होत नाही आपलं." हे बोलणे सत्य होते. मागे तीन वेळा मसलत करोन, डबे भरोन, दिवस नेमोन स्वारी निघावयाची होती, त्यात एकदा ताप आला, एकदा पाहुणे आले, आणि एकदा सर्व सिद्धता होता होता दोन्ही मुले निजली. म्हणोन राणीसाहेबांनी विचार केला आणि रुकार दिला.

मग आहोत तसेच निघावयास दोन घटका लागल्या. दुधाची बाटली, पाण्याची बाटली, तीन कपड्यांचे जोड, टोपी, दुसरी टोपी, आणि ऋजुताबाईंची एक बाहुली, जिला मागे ठेवता येईना, ऐसे सामान गाडीत चढले आणि कूच जाहले. वेशीबाहेर पडताच ऋजुताबाईंनी पुसिले, "आलं का तलाव?" राजे म्हणाले, "अजून नाही." मग तोच प्रश्न अकरा वेळा जाहला. निषादराजांनी रडे आरंभिले, ते कोणत्याही उपायाने शमेना. पुढे एका वडाखाली पेरूवाली टोपली मांडोन बसली होती, तेथे ऋजुताबाई म्हणाल्या, "आई, मला कसंतरी होतंय," आणि तैसेच जाहले. राणीसाहेबांनी तिला उतरवोन कडेस नेले आणि तोंड धुवविले. राजांनी गाडी बंद करोन, पुत्राचे रडे थांबावे म्हणोन किल्लीचा जुडगा त्याचे हाती दिला, आणि आपण दार उघडेच टाकोन पेरू घ्यावयास उतरले. रडे तत्काळ थांबले. राजांस आपल्या अकलेचे कौतुक वाटले. इतक्यात वारा आला आणि दार आपटले, आणि आतून आवाज जाहला, टुक.

राजांनी दार ओढिले, ते उघडेना. दुसरे ओढिले, तेही उघडेना. चारही दारे बंद, काचा वर, आणि आत निषादराजे किल्ली घेवोन उभे, हसताहेत. दोघांचे फोन गाडीत. गाडीची दुसरी किल्ली घरी कपाटात, आणि घराची किल्ली त्याच जुडग्यात. राजांचे तोंड पांढरे पडले. परंतु धीर धरोन काचेस तोंड लावोन बोलले, "निषू, बाळा, किल्लीवरचं ते काळं बटण दाब. दाब बरं राजा." पुत्राने बापाकडे पाहिले आणि किल्ली तोंडात घातली. मग राजांनी बिस्कीट कबूल केले, झोका कबूल केला, शेवटी कुत्र्याचे पिल्लू कबूल केले. निषादराजे पुढील आसनावर चढले आणि भोंगा वाजवू लागले.

ऐसे होता होता ऊन वडाच्या सावलीतून सरकले आणि थेट काचेवर आले. मार्गशीर्षातले ऊन, बाहेर गोड, पण बंद गाडीत तापले. पुत्राचे गाल लाल जाहले, कपाळी घाम आला, भोंगा थांबला आणि रडे सुरू जाहले, आणि हे रडे नित्याचे नव्हते. राणीसाहेबांनी काचेवर दोन्ही तळवे ठेविले आणि म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा. फोडा काच." पेरूवाली धोंडाबाई टोपली टाकोन उठली आणि चांगला नारळाएवढा धोंडा घेवोन आली. म्हणाली, "दादा, बघत काय बसलाव? हाना!" राजांनी धोंडा उचलिला. तो निषादराजे त्याच काचेस गाल लावोन उभे. राजे धावत पलीकडील काचेकडे गेले, तो पुत्रही आसनांवरून रांगत तेथेच आला, बाप आला म्हणोन. तिसरीकडे गेले, तेथेही तो.  धोंडा टाकवेना आणि मारवेना. राजे आजवर कचेरीत साहेबापुढे, सासऱ्यापुढे कधी डगमगले नव्हते, ते तेथे रस्त्यात रडू लागले.

तेव्हां ऋजुताबाई ओली हनुवटी पुसोन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही त्याला दाब म्हणताय ना, म्हणून तो दाबत नाहीये." इतके बोलोन काचेपुढे उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेविले, आणि हुबेहूब राणीसाहेबांच्या आवाजात गर्जल्या, "निषाद! ते काळं बटण दाबायचं नाही हं! सांगून ठेवते! अजिबात नाही!" पुत्राचे रडे थांबले. ताईकडे पाहिले, किल्लीकडे पाहिले, आणि दाबिले. टुक. राजांनी आनंदाने धोंडा भिरकावोन कन्येस उचलिले, आणि त्या हर्षात दार उघडावयाचे राहिले, आणि पुत्राने पुन्हा दाबिले. टुक. राणीसाहेब ओरडल्या, "अहो, आधी दार!" मग राणीसाहेब स्वतः कडीस हात घालोन सज्ज जाहल्या आणि म्हणाल्या, "ऋजू, म्हण परत." ऋजू म्हणाली, "खबरदार दाबलंस तर!" टुक जाहले आणि त्याच क्षणी दार उघडले, आणि राणीसाहेबांनी पुत्रास ओढोन उराशी धरिले. धोंडाबाईने त्याचे डोईवर पाणी थापटिले आणि हाती पेरूची फोड दिली, आणि राजांस म्हणाली, "पोरगी तेवढी शानी हाय तुमची."

राजे म्हणाले, "चला, घरी जाऊ. माझंच चुकलं. पुन्हा असं अचानक निघायचं नाव काढणार नाही." राणीसाहेब डोळे पुसोन बोलिल्या, "घरी कशाला? पार निम्म्यात आलोय. तलाव बघूनच जायचं. किल्ली इकडे द्या." आणि स्वतः गाडी हाकीत तलावावर स्वारी पावली. तेथे राणीसाहेब पाण्यात पाय सोडोन बसल्या. राजांनी भीत भीत पुसिले, "रागावलीस?" त्या म्हणाल्या, "नाही. कानात अजून तेच टुक वाजतंय. शेजारी बसा आणि काही बोलू नका." राजे बसले आणि त्यांनीही पाण्यात पाय सोडिले. मागे कोणी बांधकामास खडी टाकिली होती, तीवर दोन्ही मुले चढत आणि घसरत होती. त्यांस पाण्यावरील बगळे दाखविले, तिकडे त्यांनी पाठ फिरविली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लढाईत चार पेरू आणि बाहुलीचा एक बूट कामास आले. तलाव कैसा होता हे मुलांस पुसिले असता सांगता येत नाही. खडी मात्र उत्तम होती, ऐसे दोघांचेही मत पडले. घडले ते लिहिले. लोभ असावा.