हॅमोचं कायदेशीर आजारपण

जमीन जागची हलत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. तोच गुण तिच्या मालकातही असावा अशी ऑडलबरीच्या जमीनदाराच्या कचेरीची अपेक्षा होती, आणि अख्ख्या इंग्लंडात कुणी ती अवाजवी म्हटली नसती.

बाजाररस्त्याला लागून हॅमोची जागा होती. रुंदी एका बैलगाडीची, लांबी थेट मागच्या ओढ्यापर्यंत. (गावातल्या सगळ्याच जागा अशा. रस्त्यावर दार प्रत्येकालाच हवं, त्यामुळे जमिनीच्या अरुंद पट्ट्या काढल्या होत्या.) पुढे घर, मध्ये बायको गुनिल्डाची बिअरची भट्टी, मागे कांद्याचे वाफे. नवराबायकोचं सगळं पोट त्या पट्टीवर. तीच पट्टी आपली असल्याचा दावा चुलतभाऊ थर्स्टनने कचेरीत लावला.

सुनावणीच्या दिवशी हॅमोला कांदे काढायचे होते. त्याने निरोप धाडला, ‘अंथरुणाला खिळलोय.’

कचेरी अशा निरोपावर कधीही अविश्वास दाखवीत नसे. ती फक्त चार प्रतिष्ठित गृहस्थ पाठवी. आजाऱ्याच्या पायात जोडे, कमरेला पट्टा किंवा अंगात तुमान आहे काय, एवढंच गृहस्थांनी पाहायचं. नाडी पाहण्याची तरतूद नव्हती. ताप काय, येतो आणि जातो. तुमान खोटं बोलत नाही.

गृहस्थ आले तेव्हा हॅमो नुकताच पांघरुणात शिरला होता.

“हाताला कांद्याचा वास येतोय रे,” त्यांच्यातला थोरला, लोहार ऑसगुड म्हणाला.

“तापावर चोळलाय, काका,” गुनिल्डा म्हणाली. “बिअर ताजी आहे. ओतू ना?”

आजार खरा ठरला.

खऱ्या आजाराला कचेरी एक वर्ष आणि एक दिवस मुदत देत असे. अट एकच. मुदतीत आजारी माणूस जोडे, पट्टा, तुमान चढवून उभा दिसला, की जागा दुसऱ्या पक्षाची. हॅमोला दुपारपुरताच आजार हवा होता. पण सरकारी कृपा मापात मिळत नसते.

दुसऱ्या दिवसापासून थर्स्टन खिडकीशी येऊन बसला.

“दादा, ऊन काय सुरेख पडलंय! चार पावलं टाकतोस?”

“डोळे फुटोत तुझे!”

“फुटतील. पण आधी तुझे जोडे बघतील.”

“भाऊजी,” गुनिल्डा आतून म्हणाली, “बसलाच आहात तर एवढ्या शेंगा सोला.”

थर्स्टनने सोलल्या. मान न वळवता.

नाताळात छपराने पेट घेतला. हॅमो कायद्याचा मान राखून पडून राहिला आणि पडल्यापडल्या सूचना देऊ लागला. शेजाऱ्यांनी त्याला खाटेसकट कांद्याच्या वाफ्यांत नेऊन ठेवलं. थर्स्टनने आधी पांघरूण उचलून तुमान नसल्याची खात्री केली, मगच पाण्याची बादली उचलली. आणि आग सगळ्यांत जीव तोडून त्यानेच विझवली. जागा शेवटी त्याचीच व्हायची होती ना!

ईस्टरपर्यंत ही सोय गावाला इतकी पटली, की दहा दाव्यांपैकी नऊ दाव्यांतले पक्षकार आडवे होते. (दहाव्यातला वारला होता. त्याच्याही पायात जोडे नव्हते.) गावातले तंटे मिटल्याचं कचेरीच्या कारभाऱ्याने जमीनदाराला अभिमानाने कळवलं. घरोघरच्या बिअरने चार गृहस्थांना मात्र दारं अरुंद पडू लागली.

मुदत संपली. आता कचेरीत स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, नाहीतर जागा गेली. हॅमो उठला. जोडे चढेनात, पट्टा पोटाला पुरेना, आणि गुडघ्यांना आपलं काम आठवेना. तो आता खरोखर आजारी होता. पण ते कारण वापरून झालं होतं.

“मरा, पण उभे मरा,” गुनिल्डा म्हणाली, आणि त्याला बिअरच्या पिंपासारखा ढकलत कचेरीत घेऊन गेली.

हॅमो भिंतीला टेकून, पण उभा राहिला. कारभाऱ्याने थर्स्टनला पुकारलं. वर्षभर खिडकीत डोकावून थर्स्टनची मान डावीकडे कायमची वळली होती. तो कारभाऱ्यासमोर आला, पण त्याचं तोंड हॅमोकडे होतं. त्या भिंतीला टेकलेल्या, घाम फुटलेल्या, कशाबशा उभ्या माणसाकडे बघून त्याला एकाएकी काहीतरी सुचलं.

“सरकार, मी अंथरुणाला खिळलोय.”

“इथे नाही चालायचं,” कारभारी म्हणाला. “घरी जाऊन आडवा हो, मग रीतसर कळव.”

थर्स्टन निघाला. चार गृहस्थ ओठ पुसून पाठोपाठ निघाले.

“चला,” गुनिल्डा नवऱ्याला म्हणाली, “त्याच्या खिडकीशी सोडते तुम्हाला. घरचं मी बघते.”

मुळात जागा कुणाची, हे या काळात कारभाऱ्याने विचारलं नाही, गृहस्थांनीही नाही. सुज्ञ वाचकांनीही विचारलं नाही. हॅमो तुमान कधी चढवतो याकडेच त्यांचा डोळा होता. प्रतिष्ठित गृहस्थ निवडताना कचेरी नेमकं हेच पाहते. थर्स्टनकडे जायला पाचव्या गृहस्थाची जागा रिकामी आहे. बिअर ताजी असते.