पद्माच्या हाताचा पाना

आमच्या गल्लीतली एकही बाई अशी नाही, जिच्या हातात मानोजीअण्णांनी पाना दिलेला नाही. फुलवाली मंजुळम्मा, शाळेतल्या बाई, इस्त्रीवाल्याची सासू, कुणीही सुटलेलं नाही. तुम्ही आपल्या नादात भाजी घेऊन चाललेल्या असता आणि गॅरेजच्या दारातून हाक येते, "अक्का, स्वल्प थांबा. हे जरा धरून बघा." मग कोथिंबीर काखेत मारायची आणि पाना आवळायचा. अण्णा वाकून विचारणार, "कुठं टोचतंय? अंगठ्याच्या बुडाशी?" पहिल्यांदा मी "नाही" म्हणाले तर त्यांचा चेहरा असा काही उतरला, की पुढच्या वेळी मी उगाचच "हो, जरासं" म्हणून टाकलं.

के. आर. पुरमला अण्णांच्या गॅरेजवरच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. माझं माहेर निपाणीचं, नोकरी मारतहळ्ळीला, आणि तोंड फटकळ, असं नवरा म्हणतो. म्हणेना का! अण्णांच्या मात्र चार पिढ्या याच शहरात गेल्या. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांआड एक कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', येतो.

गाड्या ते उत्तम दुरुस्त करतात, पण जीव गाड्यांत नाही, हत्यारांत आहे. दुपारी काम थंडावलं की बाकड्यावर बसून एखादा पाना उन्हात धरतात, आणि लागते तंद्री. समोरच्या झाडाची गुलाबी फुलं उघड्या बॉनेटमध्ये पडत राहतात, स्टेशनात गाडी येते, शिट्टी देऊन निघून जाते, आणि अण्णा कुठं असतात देव जाणे. गिऱ्हाईक खाकरतं, हॉर्न मारतं. शेवटी मीच गच्चीवरून ओरडते, "अण्णा, या खाली!" ते दचकून वर माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "आलो, आलो."

स्वप्नंही त्यांना हत्यारांचीच पडतात. सकाळी जिन्यात गाठून सांगतात, "काल जर्मन रॅचेट आलं होतं, नट फिरवताना कटकट वाजतं ना, ते. फिरवलं तर आवाजच नाही. धुक्यात फिरवल्यासारखं."

"मग?"

"मग काय, डीलर आला आणि घेऊन गेला."

स्वप्नातसुद्धा डीलर सोडत नाहीत बिचाऱ्याला! आणि जागेपणी अण्णा डीलरांना सोडत नाहीत. सिटी मार्केटजवळच्या हत्यारांच्या गल्लीत ते शिरले, की निम्मे दुकानदार आत जेवायला बसतात. सकाळचे अकरा वाजलेले असले तरी. अण्णांची मतं ठरलेली. जर्मन म्हणजे घराणं. जपानी म्हणजे गुणी, पण अबोल. तैवानी चालेल, पाहुण्यांच्या गाडीला. आणि जालंधरचं? "लोखंड आहे," एवढंच म्हणायचे, तेही तोंड फिरवून.

याच जालंधरपायी बाप-लेकीचं बिनसलं. पद्मा त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, पोर गॅरेजातच वाढली. डिप्लोमा केला आणि म्हणाली, होसकोट्याला बॅटरीच्या स्कूटरींचं स्वतःचं गॅरेज काढते. अण्णांना म्हणायचं होतं, 'जाऊ नको गं.' ते काही तोंडातून निघेना. भांडण पेटलं ते हत्यारांवर. पद्मा म्हणाली, "मी जालंधरचाच सेट घेणार. पाना तुटला तर डीलर काउंटरवर बदलून देतो. तुमच्या जर्मनसाठी काय विमानाची वाट बघत बसू?"

"असलं हत्यार घेऊन माझ्या दारात यायचं नाही!"

बोलून गेले. पद्मा पडली बापाचीच लेक. ती आलीच नाही. सहा-सात महिने फोनही नाही. माझी स्कूटर तिच्याकडेच जाते, म्हणून तिकडची खबर इकडे माझ्याकरवी. एकदा मी अण्णांना सहज सांगितलं, "सेट कसला घेतेय, जागेच्या भाड्यातच सगळं गेलं. जुनीपानी जड हत्यारं वापरतेय. मनगटाला पट्टा बांधलाय." दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांच्या हातात पाने यायला लागले.

एक दिवस मी चिडलेच. "अण्णा, हे काय चालवलंय? लोक हसतात!"

ते हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले. "तिचा हात डोळ्यांपुढं येतो हो. माप येत नाही." मग माझी बोटं पान्याभोवती बसवून बघितली आणि एवढ्यानं ओरडले, "हाच! हाच की तो हात!" समोरच्या बेकरीतली माणसं बाहेर आली.

झालं. शनिवारी मला घेऊन स्वारी हत्यारांच्या गल्लीतल्या शेट्टींच्या दुकानात. शेट्टींना तेव्हाच नेमकं जेवायला जायचं होतं, पण मी दारातच उभी राहिले. अण्णांनी मला डोळे मिटायला लावले आणि एकेक पाना हातात दिला. जर्मन जड लागला. जपानी घसरला. असे किती झाले कुणास ठाऊक, मी पेंगायला लागले होते, आणि मग एक असा आला की हातात आहे हेच विसरले.

"हा," मी म्हटलं आणि डोळे उघडले. अण्णा पान्यावरचं नाव वाचत होते. जालंधर!

अण्णांनी पाना अंगठ्यानं पुसला, उजेडाकडे धरला. मग शेट्टींना विचारलं, "तुटला तर?"

"काउंटरवर बदलून देतो, अण्णा. आयुष्यभर."

"सरी. किमतीत काही सोडू नका. पण माझी पोरगी एकटी येईल बदलायला. 'घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा' असं म्हणायचं नाही. खुर्ची द्यायची, आणि तिच्याशीच बोलायचं."

शेट्टी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी ऑटो बघायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सेटची पेटी होसकोट्याला मीच पोचवली. पद्मानं हात पुसले, झाकण उघडलं आणि नाव वाचलं. "अण्णांनी? हा घेतला?" मग एकेक पाना काढून बघायला लागली आणि थबकली. दहा नंबरची जागा रिकामी. गॅरेजात सगळ्यात जास्त लागतो तो दहा नंबर. त्याच्याशिवाय स्कूटर उघडतच नाही म्हणे.

माझं डोकंच फिरलं. तिथूनच शेट्टींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "लाज वाटत नाही? म्हाताऱ्याला फसवता?"

"अहो अक्का, ऐका तरी! तुम्ही ऑटो बघायला गेलात ना, तेव्हा अण्णांनीच काढून खिशात टाकला. मी विचारलं तर म्हणाले, असू द्या, ती येईल न्यायला."

पद्मा हसायला लागली. हसता हसता मनगटावरच्या पट्ट्यानं डोळे पुसायला लागली आणि गालभर ग्रीस झालं.

पुढच्या रविवारी ती आली. अण्णांनी सकाळपासून तीनदा दाढी चाचपून बघितली होती. काय बोलले म्हणता दोघं? जेवताना रॅचेटला किती दाते असावेत यावर भांडले. नंतर बाकड्यावर शेजारी शेजारी बसले, आणि दोघांचीही तंद्री लागली. एक गिऱ्हाईक हॉर्न मारून मारून निघून गेलं. मी वरून हाक मारली नाही.

तिन्हीसांजेला ती निघाली, तर अण्णांनी बाकड्यावर काढून ठेवलेला पाना तसाच! मी धावत फाटकापर्यंत गेले. "अगं पद्मा, दहा नंबर राहिला की! आठवडाभर काम कशानं करशील?"

तिनं आधी गॅरेजकडे पाहिलं. अण्णा आत दिवा लावत होते. मग हळूच म्हणाली, "मी सोमवारीच दुसरा घेतला, शेट्टींकडून. खुर्चीसुद्धा दिली त्यांनी. अण्णांना सांगू नका हं, अक्का."

माझ्यासारख्या फटकळ बाईनं आजवर सांगितलेलं नाही. पाना अजून बाकड्यावरच आहे, आणि पद्मा दर रविवारी तो न्यायला येते.