थ्री-नॉट-थ्री आणि वरची संध्या

बंदुकीतलं मला सगळं कळतं, असं मी शरयूला दुकानातच सांगून टाकलं. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत मी थ्री-नॉट-थ्री चालवली होती. माझी एक गोळी तर टार्गेटच्या लाकडी चौकटीलाही लागली होती. आता सत्याऐंशी साली, अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळच्या त्या दुकानात तीच रायफल पिंपात छत्र्या उभ्या कराव्यात तशी डझनावारी उभी होती. लष्करानं काढून टाकलेला माल, बुटांच्या जोडाच्या भावात.

"हिला काय फासलंय?" शरयूनं नाक मुरडलं.

"ग्रीस. गंजू नये म्हणून. अर्ध्या तासात साफ करतो बघ."

घरी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं. ग्रीस जुनं होऊन करपलेल्या चिक्कीच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. नळीत डोकावलो तर काळोख. गोळी भरायला जी मूठ उचलून मागे ओढतात, तो बोल्ट, जागचा हलेना.

"तो उघडल्याशिवाय आत गोळी आहे की नाही कसं कळणार?" शरयूनं विचारलं.

मी नळीसमोरून बाजूला सरकलो.

दुकानात फोन केला. माणूस शांतपणे म्हणाला, "बहुतेक रिकामीच असेल. पण भरलेली आहे असंच समज. ट्रिगरला हात लावू नकोस, बोल्टवर उकळतं पाणी ओत, आणि नळीचं तोंड सेफ डायरेक्शनला ठेव."

सेफ डायरेक्शन! अपार्टमेंटमध्ये अशी दिशा कुठून आणायची? डावीकडच्या भिंतीपलीकडे म्हाताऱ्या मिसेस हॅस्किन्स टीव्ही बघत होत्या. मागे स्विमिंग पूल, त्यात शनिवारची सगळी पोरं. समोर पार्किंग. खाली काँक्रीट, गोळी उलटून आपल्याच अंगावर यायची. उरली वरची दिशा. आणि वर कुमार आणि संध्या राहत होते.

"टबमध्ये उभी धरतो," मी म्हणालो. "वर त्यांचं बाथरूम येतं. तिथे काय माणूस सारखा बसून राहतो?"

"संध्याला सातवा महिना आहे," शरयू म्हणाली. "ती सारखी तिथेच असते."

शेवटी शरयूनं फोन लावला. खरं सांगावं तर संध्या घाबरणार, म्हणून ती म्हणाली, "अगं, तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता खाली या ना. आणि हे बघ, बाथरूममध्ये नको जाऊस. नाही, काही विशेष नाही. सहज."

तिनं फोन ठेवला, चहाचं पातेलं भरून उकळतं पाणी आणलं. मी टबमध्ये गुडघ्यावर बसून रायफल उभी धरली. पहिल्या पातेल्याला काही झालं नाही. दुसऱ्याला मूठ केसभर हलली. आणि नेमका तेव्हाच आमच्या डोक्यावर नळ सुरू झाला.

"ती बाथरूममध्ये आहे," मी कुजबुजलो.

"मग खाली कर ती!"

"कुठे खाली? माझ्या पायावर?"

ग्रीस कोपरावरून ओघळत होतं. अर्धवट हललेल्या बोल्टला आत काय अडलंय, देव जाणे. शरयू धावत फोनकडे गेली. मला तिचा आवाज ऐकू येत होता. "कुमार, संध्याला आधी तिथून बाहेर काढ. कसं कळलं ते सोड. आवरायचंय काय त्यात? आहे तशी येऊ दे!"

वरचा नळ बंद झाला. पावलं वाजली, दार लागलं. मी डोळे मिटून मूठ उचलली आणि मागे खेचली.

रिकामी होती. ग्रीसचा एक गोळा तेवढा टपकन टबात पडला.

मी तिथेच बसून होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात संध्या हिरवीगार साडी नेसून, केसांत कापडी गजरा माळून उभी होती. मागे कुमार, गळ्यात कॅमेरा. ती आमच्या खांद्यावरून आत बघत होती, सोफ्याआड कोणी लपलंय का ते.

"मी ओळखलंच," ती म्हणाली. "बाथरूममध्ये जाऊ नकोस म्हणालीस, तेव्हाच कळलं. मी नटत बसले तर सरप्राइजला उशीर होईल, म्हणून ना? आईला व्हिसा मिळाला नाही. मला वाटलं होतं, माझं डोहाळजेवण काही होत नाही." आणि तिचे डोळे भरून आले.

शरयूनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग संध्याचा हात धरून म्हणाली, "बस. स्वयंपाक व्हायचाय अजून."

नारळ नव्हता, म्हणून संत्र्यानं ओटी भरली. शिरा झाला, पुऱ्या झाल्या, कुमारनं फोटोंचा अख्खा रोल संपवला. मी हात पाठीमागे बांधून सगळ्यांना हसून दाखवत होतो. मग संध्या उठली. "आता तरी बाथरूमला जाऊ ना?"

मी नको म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा.

मग ती बाहेर आली, शांतपणे बसली.

"भावजी, तुमच्या टबमध्ये बंदूक भिजत घातलीय."

"हो," मी म्हणालो. "उद्या उपास आहे."

संध्यानं वर छताकडे बघितलं, मग माझ्या काळ्या कोपरांकडे. सगळं तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं.

"शरयू," ती हळूच म्हणाली, "ओटी तरी खरी होती ना?"

"ओटी खरी होती," शरयू म्हणाली.

"मग आणखी शिरा वाढ." आणि माझ्याकडे वळून, "भावजी, तुम्ही मात्र टब घासा."

मी घासायला गेलो. ते ग्रीस काही अर्ध्या तासात निघत नाही.