हळदीचे ठिपके आणि रस्सा

रविवारी सकाळी रेश्माचा भाऊ मोटरसायकलवरून किन्हवलीला आला. त्याने पेढ्यांचा पुडा आणि एक जाड कागद काळूरामच्या हातात दिला आणि गाडीवरून न उतरताच निरोप सांगितला. ताईने सांगितलंय, घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवा. संध्याकाळी आई आणि वडील हळदीचं ठरवायला येतील तेव्हा त्यांना उत्तर सांगा. एवढं बोलून तो आपल्या गावाच्या, वैशाखऱ्याच्या वाटेला लागलासुद्धा.

काळूरामने कागद उलगडला. चित्रकलेच्या वहीतला असतो तसा कागद. पट्टीने आखलेल्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. वर लिहिलं होतं, 'तुमच्या घरापासून आमच्या घरापर्यंतची गावं यात शोधा आणि खोडा. उरेल ते वाचा.' काही चौकटींत हळदीचे ठिपके होते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतात, तशीच ही शुभाची हळद असणार असं समजून काळूरामने कागद कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवून दिला.

रेश्मा त्याची होणारी सून. टोकावड्याला लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि मुलांसाठी अशी कोडी स्वतः बनवायची. साखरपुडा झाल्यापासून ती काळूरामच्या मुलाला, ज्ञानेश्वरलाही मोबाइलवर कोडी पाठवत होती. ज्ञानेश्वर पडघ्याच्या गोडाऊनमध्ये कामाला. घरी यायचा तो दमून. कोडं आलं की जेवता जेवता एक अंगठा पाठवायचा आणि खाली लिहायचा, 'मस्त. सुटलं.' आजपर्यंत त्याने एकही सोडवलं नव्हतं.

"फोन लावून इचार तिला, काय हाय त्यात," काळूराम म्हणाला.

"बाबा, कसं इचारू? माझं डोकं लय फास्ट चालतं असं तिनं तिच्या मैत्रिणींना सांगितलंय."

त्यामुळे फोनचा रस्ता बंद झाला.

दुपारी काळूरामची बहीण तानी आणि तिचा नवरा वाल्मिक जेवायला आले. काळूरामची बायको हौसा, तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून रविवारचं मटण तानीच येऊन करायची, कारण बापलेकांनी केलेलं मटण एकदा कुत्र्यानेही ठेवून दिलं होतं. लग्नाचं सगळंही तानीनेच हातात घेतलं होतं. घरात जोडपं नाही, म्हणून देवकाला तानी आणि वाल्मिक बसणार हे ठरलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी कोणीतरी विचारलं होतं, मग काळूराम काय करणार? तेव्हा काळूराम स्वतःच म्हणाला होता, "माझा हात नको हळदीला. मी पाण्याच्या टँकरचं बघीन." तो हे बोलत असताना रेश्मा समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मटण शिजेपर्यंत चौघं कोड्याला बसले. गावं सापडायला लागली तशी मजा येऊ लागली. सरळगाव आडवं सापडलं. टोकावडे वरून खाली आलं होतं. वैशाखरे तिरकं बसलं होतं, ते तानीला दिसलं. वाल्मिक मात्र अर्धा तास मुरबाड शोधत होता.

"काका, मुरबाड आपल्या वाटंवर नाय येत," ज्ञानेश्वर म्हणाला. "आपून सरळगाववरूनच टोकावड्याकडं वळतो."

"येवढा तालुक्याचा गाव आन् तुझी बायको इसरली? बाजूला लिवून टाकू का?"

लिहू दिलं नाही. पण जेवण वाढलं तरी वाल्मिक कागद सोडेना. एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, असं त्याचं चाललं होतं. तानीने दोनदा सांगितलं, कागद लांब ठेवा. त्याने लांब ठेवला तो ज्ञानेश्वरच्या ताटाजवळ. ज्ञानेश्वरने सरकवला तो काळूरामच्या ताटाकडे. काळूरामने बघायला म्हणून उचलला तेव्हा त्याच्या भाकरीवरून रस्सा ओघळत होता. अशा रीतीने त्या कागदाला चारही ताटांचा प्रसाद मिळाला.

हात धुऊन ज्ञानेश्वरने उरलेली अक्षरं ओळीने वाचली. वाक्य सरळ लागलं. 'माझी एक अट आहे. हळदीचे ठिपके असलेली अक्षरे वाचा.'

सगळ्यांनी कागदाकडे बघितलं. कागदभर पिवळे ठिपके होते. सकाळी होते त्याच्या तिप्पट तरी असतील. मोठे, बारीक, ओघळलेले, एक तर वाल्मिकच्या अंगठ्याएवढा.

"आता यातली हळद कुठली आन् रस्सा कुठला?" तानीने विचारलं. मग तीच म्हणाली, "रश्शात बी हळद मीच घातलेली."

काळूरामला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. तो 'अट' या शब्दावरच थांबला होता. शिकलेली मुलगी, लग्नाआधीची अट, आणि तीही अशी लपवून सांगितलेली. गावातल्या तीन घरांत हेच झालं होतं. लग्न झालं, वर्षभरात पोरगा कल्याणला नाहीतर शहापूरला खोली करून गेला, आणि म्हातारा-म्हातारी ओटीवर बसून राहिली. त्यांना निदान एकमेकांची सोबत होती. काळूरामकडे आता फक्त ज्ञानेश्वर होता. रात्री तो कामावरून आला की गाडीचा आवाज व्हायचा, आणि तेवढ्यावर काळूरामला झोप लागायची.

वाल्मिकने ठिपक्यांची सगळी अक्षरं एका कागदावर उतरवली आणि जुळवायला बसला. थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला.

"लागलं. कल्यानला खोली घ्या."

"क्रम कुठला धरला, काका?"

"क्रम कशाला पायजे? अक्षरं हायेत ना सगळी?"

तानीने कागद ओढून घेतला. तिला त्याच अक्षरांत 'बकरा कापू नका' दिसलं. हे ऐकून वाल्मिकचा चेहरा उतरला. खोलीचं त्याने शांतपणे सांगितलं होतं, पण हळदीला बकरा नाही म्हणजे लग्न मोडल्यासारखंच होतं. दोघं भांडायला लागली. शेजारच्या दोघी आवाज ऐकून आल्या आणि त्यांनीही आपापल्या सुनांच्या अनुभवावरून एकेक अट काढून दिली. एकीच्या हिशेबाने रेश्माला वॉशिंग मशीन हवं होतं, दुसरीच्या हिशेबाने तिला सासऱ्याने तंबाखू सोडायला हवी होती. अक्षरं सगळ्यांना पुरत होती.

काळूराम उठून उभा राहिला.

"ज्ञाना, खोलीचंच आसंल ते. तू घे खोली. माझं काय, मी हाय इथं."

"बाबा, मी कुठं जात नाय."

"तू गप. पोरगी हुशार हाय, इचार करूनच मागितलं आसंल तिनं. या कागदात जे आसंल ते मला मान्य. तुमच्या सगळ्यांसमोर शब्द देतो. मागनं कोनी बोलायचं नाय."

एवढं बोलून तो कागद घेऊन अंगणात गेला. पाहुण्यांपुढे असा तेलकट कागद कसा ठेवायचा? निदान उन्हात धरला तर वाळेल, असं त्याला वाटलं. त्याने दोन्ही हातांनी कागद वर धरला. मागून ऊन आलं आणि कागदातले बरेचसे ठिपके उजळले. बारीक काचा बसवल्यासारखे.

काळूरामला हौसा आठवली.

डॉक्टरांनी त्याचं तेल बंद केलं होतं तेव्हाची गोष्ट. तो बाजारातून यायचा आणि सांगायचा, भजी खाल्ली नाय. हौसा वाद घालायची नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाचा चिटोरा काढायची, दाराच्या उजेडात धरायची आणि म्हणायची, "हे बघा, पलीकडचा आंबा दिसतो यातून. पान्यानं आसं व्हत नाय." तेल लागलेल्या कागदातून उजेड आरपार येतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवरा खोटं बोलतो एवढं माहीत होतं, बाकीचं तिने शोधून काढलं. अख्ख्या संसारात काळूराम तिच्यापुढे एकदाही जिंकला नव्हता. त्याला जिंकायचंही नव्हतं. तो घरी येताना भजीचा कागद फेकून देऊ शकला असता, पण त्याने कधी फेकला नाही.

रश्शात तेल होतं. रेश्माने हळद पाण्यात कालवली असणार.

त्याने कागद पुन्हा नीट धरला. जे ठिपके उजळत होते ते सोडले. जे उन्हातही तसेच ठोस राहिले, त्यांचीच अक्षरं घेतली. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवत. कल्याणचा 'क' उजळला आणि गेला. बकऱ्याचा 'ब' उजळला आणि गेला. शेवटच्या ओळीपर्यंत तो पोचला, मग परत पहिल्या ओळीवर आला आणि सगळं पुन्हा एकदा वाचलं.

नंतर तो बराच वेळ कागद तसाच वर धरून उभा होता. आतून तानीने विचारलं, वाळला का? तो म्हणाला, नाय अजून.

उन्हं कलली तेव्हा रेश्माचे आईवडील आले. वडील हनुमान फारसं बोलणारे नव्हते. बोलायचं काम आई चंद्रकला करायची. पाणी झालं, चहा झाला, मग तिने विचारलं, "काय वो व्याही, सुटलं का आमच्या पोरीचं?"

"मस्त. सुटलं," ज्ञानेश्वर सवयीने म्हणाला.

चंद्रकला हसली. "जावईबापू, तुमी नका सांगू. गेल्या महिन्यात तिनं तुमाला एक पाठवलं व्हतं ना, त्यात शब्दच नव्हते. नुसती अक्षरं भरलेली. त्याला बी तुमी सुटलं म्हनाला."

ज्ञानेश्वर पाण्याचा तांब्या भरायला आत गेला आणि बराच वेळ तांब्या भरत राहिला.

"म्हनून तर या बारीला घरातल्या सगळ्यांना पाठवलं," चंद्रकला म्हणाली. "ती बोलली, ज्ञानेश्वरचे बाबा बसतील धरून. ते सोडनार नायत."

सगळ्यांच्या नजरा काळूरामकडे वळल्या. वाल्मिक हळूच म्हणाला, खोलीचं सांगा. तानी म्हणाली, बकऱ्याचं सांगा. काळूरामने कागद पुढे केला, पण कागदाकडे न बघता बोलला.

"पहिली हळद सासऱ्यांनी लावायची. आसं हाय त्यात."

नवऱ्या मुलाला पहिली हळद सवाष्णींनी लावायची आणि तीच उष्टी हळद नवरीच्या घरी न्यायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे काळूरामच्या हातची हळद आधी ज्ञानेश्वरला लागणार होती आणि मग वैशाखऱ्याला रेश्माला.

"आसं कुठं आसतंय रं?" तानी म्हणाली. "पाच सवाष्णी काय नुसत्या बघत बसतील?"

"त्यांनी माझ्या मागनं लावायची."

"आन् दादा, तूच बोलला व्हतास ना, माझा हात नको?"

"बोललो व्हतो. पन आता शब्द दिलाय. मागनं कोनी बोलायचं नाय, ह्ये बी मीच बोललोय."

वाल्मिकने ओठ पुसले आणि विचारलं, "म्हंजे बकरा हाय?"

"हाय."

"मग मला चालतंय," वाल्मिक म्हणाला, आणि तानीला पुढे बोलायला जागा राहिली नाही. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे टिपले आणि मिरची लागली म्हणाली. चहात मिरची नव्हती.

हळदीचा दिवस ठरला, टँकरचं काम वाल्मिककडे गेलं. पाहुणे निघाले तेव्हा चंद्रकला उंबऱ्याशी थांबली.

"येक राह्यलं, व्याही. रेश्मानं इचारलंय, डॉक्टरांनी तुमचं तेल बंद केलंय का?"

"तिला कोनी सांगितलं?"

"कोनी नाय. साखरपुड्याला तिला तुमच्या खिशाला डाग दिसला."

काळूरामचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. सकाळी स्टँडवर खाल्लेल्या भजीचा कागद आतच होता. खिशावर पैशाएवढा डाग उमटला होता, आणि चंद्रकला त्याच्याकडेच बघत होती.

"तिला सांगा," तो म्हणाला, "पान्याचा हाय."

गाडी वळणापलीकडे गेल्यावर त्याने तो कागद बाहेर काढला, दाराच्या उजेडात धरून बघितला, आणि नीट घडी घालून परत खिशात ठेवला.